परसबागेतील कुक्कुटपालन आणि खुराड्यातील वायुवीजन : एक विवेचन

गोषवारा :

परसबागेतील कुक्कुटपालन हा ग्रामीण कुटुंबाचा अल्पभांडवली पूरक व्यवसाय होय. या व्यवसायात पक्ष्यांची जात, खाद्य व लसीकरण यांविषयी पुष्कळ मार्गदर्शन केले जाते. परंतु पक्षी ज्या खुराड्यात रात्रीचे बारा-तेरा तास काढतात, त्या खुराड्यातील हवेचा विचार क्वचितच होतो. चोर, मुंगूस, थंडी व पाऊस यांपासून संरक्षण व्हावे म्हणून खुराडे जितके बंदिस्त करता येईल तितके केले जाते आणि त्यातूनच ओलावा, अमोनिया व उष्णता यांचे प्रश्न निर्माण होतात. प्रस्तुत लेखात वायुवीजनाची संकल्पना, त्यामागील शास्त्रीय तत्त्वे, महाराष्ट्रातील निरनिराळ्या हवामानास अनुरूप अशी खुराड्याची रचना आणि पाहणीच्या सोप्या पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : परसबागेतील कुक्कुटपालन, खुराडे, वायुवीजन, आर्द्रता, अमोनिया, उष्णतेचा ताण.

१. प्रस्तावना :

शेतीला पूरक व्यवसाय म्हणून कुक्कुटपालनाचे महत्त्व सर्वमान्य आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या सुमारे ८५.१८ कोटी असून त्यांपैकी सुमारे ३१.७० कोटी पक्षी परसबागेतील आहेत. २०१२ च्या पशुगणनेच्या तुलनेत परसबागेतील पक्ष्यांच्या संख्येत सुमारे ४५.८ टक्के वाढ झाली, तर व्यावसायिक क्षेत्रातील वाढ सुमारे ४.५ टक्के इतकीच होती. मोठमोठ्या पोल्ट्री फार्मच्या काळातही घराच्या मागील दारी पाळल्या जाणाऱ्या कोंबडीचे स्थान कमी झालेले नाही, हे यावरून स्पष्ट होते.

या व्यवसायाची धुरा मुख्यत्वे घरातील स्त्रीकडे असते. अंड्यांचे पैसे, सणासुदीला विकलेल्या कोंबड्याचे पैसे हे बहुधा तिच्याच हाती राहतात आणि वही-पेन्सिल, औषधपाणी, मीठमिरची अशा किरकोळ गरजा त्यांतून भागतात. दहा-बारा पक्ष्यांपैकी चार-पाच पक्षी एखाद्या पावसाळ्यात मान टाकून मेले, तर बाजाराच्या दृष्टीने ते नुकसान नगण्य ठरते. त्या घरासाठी मात्र ते वर्षभराच्या जमेतील मोठे नुकसान असते. अशा मरतुकीचे खापर सामान्यतः ‘रोग आला’ या एका शब्दावर फोडले जाते. रोग येतो हे खरे. परंतु तो कोणत्या पक्ष्यांना अधिक सहज गाठतो, याचे उत्तर अनेकदा खुराड्याच्या हवेत दडलेले असते.

२. लेखाची उद्दिष्टे :

१) वायुवीजन या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
२) बंदिस्त खुराड्यात हवेत होणारे बदल व त्यांचे पक्ष्यांवरील परिणाम यांचे विवेचन करणे.
३) स्थानिक साहित्यातून साध्य होणाऱ्या रचनेची तत्त्वे मांडणे.
४) महाविद्यालयीन विस्तारकार्याच्या दृष्टीने काही शिफारशी सुचविणे.

३. वायुवीजन म्हणजे काय?

वायुवीजन म्हणजे खुराड्यातील वापरलेली, दमट व उष्ण हवा बाहेर जाणे आणि तिच्या जागी बाहेरची ताजी हवा येणे. ‘हवा खेळती राहणे’ हा मराठीतील रूढ वाक्प्रचार ही संकल्पना नेमकेपणाने व्यक्त करतो. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. हवा खेळती असणे आणि पक्ष्यांच्या अंगावर झोताने वारा लागणे या दोन भिन्न गोष्टी होत. रात्री दांडीवर बसलेल्या पक्ष्यांच्या अंगावरून थंड वारा सरळ वाहू लागला, तर त्यांच्या पिसांत साठलेली उबदार हवा निघून जाते व पक्षी गारठतो. याउलट, तीच हवा त्यांच्या डोक्याच्या वरच्या बाजूने आत-बाहेर होत राहिली, तर पक्षी उबदारही राहतो व कोरडाही राहतो. या दोहोंतील गल्लत हेच बहुसंख्य खुराडी पूर्ण बंद केली जाण्याचे मूळ कारण आहे.

थंड प्रदेशातही खुल्या हवेचे महत्त्व फार पूर्वी ओळखले गेले. अमेरिकेत डॉ. प्रिन्स वुड्स यांनी १९१२ साली सर्व हवामानांसाठी खुल्या हवेच्या कोंबडीघरांचा पुरस्कार करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात जे शक्य होते, ते महाराष्ट्रासारख्या उष्ण कटिबंधातील प्रदेशात अशक्य मानण्याचे कारण नाही.

४. पक्ष्याची शरीररचना आणि हवेची गरज :

कोंबडीच्या शरीराचे सर्वसाधारण तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिच्या त्वचेत घर्मग्रंथी नसतात. म्हणजेच घाम येऊन शरीर थंड होण्याची सोय तिला नाही. उष्णता वाढली की ती पंख अंगापासून दूर धरते, चोच उघडून जलद श्वास घेते, अर्थात धापा टाकते. धापा टाकताना श्वसनमार्गातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन शरीर थंड होते. हे बाष्पीभवन भोवतालची हवा कोरडी असेल तरच परिणामकारक ठरते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर धापा टाकूनही उपयोग होत नाही. उलट त्या श्रमाने उष्णता वाढते.

पक्ष्याची श्वसनसंस्थाही सस्तन प्राण्यांहून वेगळी आहे. त्याला विभाजक पडदा नसतो. लहान व ताठर फुप्फुसांना जोडलेल्या नऊ वायुकोशांच्या साहाय्याने फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहती राहते. ही व्यवस्था प्राणवायू घेण्याच्या दृष्टीने अत्यंत कार्यक्षम आहे. परंतु धूळ, बुरशीचे बीजाणू व रोगजंतू शरीरात खोलवर पोहोचण्याचा मार्गही तीच मोकळा करते. त्यामुळे दूषित हवेचा फटका कोंबडीला लवकर बसतो.

५. बंदिस्त खुराड्यात घडणारे बदल :

(अ) ओलावा : साधारण हवामानात मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात हे प्रमाण बरेच वाढते. यातील काही भाग अंड्यात जातो व उरलेला श्वास आणि विष्ठा यांवाटे बाहेर पडतो. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे दहा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज दोन लिटरच्या आसपास पाणी हवेत किंवा जमिनीवर येत असते.

हे प्रमाण समजण्यासाठी एक साधा हिशेब करता येईल. चार फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच खुराड्यात सुमारे एक घनमीटर हवा मावते. २० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. बाहेरील हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्यापैकी जवळजवळ १४ ग्रॅम जागा आधीच व्यापलेली असते. शिल्लक राहते ती साडेतीन ग्रॅमची जागा. एका कोंबडीच्या श्वासातून तासाला दोन ते तीन ग्रॅम बाष्प बाहेर पडते असे धरले, तरी दहा कोंबड्यांचे वीस ते तीस ग्रॅम होते. अर्थात खुराड्यातील हवा तासाला सहा ते नऊ वेळा बदलली नाही, तर ती बाष्पाने संपृक्त होईल. आतील हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार असल्याने प्रत्यक्ष गरज काहीशी कमी भरते. परंतु विष्ठेतील ओलावा या हिशेबात धरलेलाच नाही. पहाटे पत्र्याच्या आतील बाजूस जमणारे थेंब हा या संपृक्ततेचा दृश्य पुरावा होय. हेच थेंब खाली गादीवर पडून तूस किंवा भुसा भिजवितात.

(आ) अमोनिया : कोंबडीच्या विष्ठेतील पांढरा भाग म्हणजे यूरिक आम्ल. ओल्या गादीतील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात व अमोनिया वायू निर्माण होतो. गादीतील ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असेपर्यंत ही प्रक्रिया मंद असते. तो ३० टक्क्यांच्या पुढे गेला की ती वेग घेते. हवेतील अमोनियाचे प्रमाण दशलक्ष भागांत २५ भागांच्या पुढे जाऊ नये असे सामान्यतः मानले जाते. अमोनियामुळे श्वासनलिकेतील सूक्ष्म केसल आवरणाची हानी होते. हे आवरण धूळ व जंतू बाहेर लोटण्याचे कार्य करीत असते. ते निकामी झाले की राणीखेत, म्हणजे खेड्यात जिला ‘मानमोडी’ म्हणतात त्यासारख्या श्वसनमार्गाने शिरणाऱ्या रोगांना वाट मोकळी होते. लसीकरणाला पर्याय नाही. परंतु अमोनियाने श्वासनलिका पोळलेल्या पक्ष्याची प्रतिकारक्षमता कमी पडते, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिवाय ओल्या गादीत रक्ती हगवणीच्या परजीवींची वाढ होते आणि पायांच्या तळव्यांना जखमा होतात.

हा प्रश्न केवळ पक्ष्यांपुरता मर्यादित नाही. अनेक ठिकाणी खुराडे घराच्या भिंतीला लागून, स्वयंपाकघराच्या किंवा पडवीच्या कडेला असते. खुराडे झाडण्यासाठी त्यात अर्धे शरीर घालून वाकणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री किंवा मूल असते. तो वायू व ती धूळ त्यांच्याही फुप्फुसांत जाते.

(इ) उष्णता : एक मोठी कोंबडी सुमारे ८ ते १० वॅट इतकी उष्णता सतत बाहेर टाकते. दहा कोंबड्या म्हणजे जुन्या १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता होय. पेरणीच्या दिवसांत कोंबड्या शेतातील व शेजाऱ्यांच्या वाफ्यांतील बी उकरतात म्हणून त्यांना दिवसभर कोंडून ठेवले जाते. जूनमधील दमट उकाडा, वर तापलेला पत्रा आणि आत ही उष्णता असा तिहेरी मारा अशा वेळी होतो. धापा टाकल्याने रक्तातील कर्ब वायू कमी होतो व रक्ताचे रासायनिक संतुलन बदलते. परिणामी कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमची उपलब्धता घटते. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी मिळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. तापमान ३८ ते ४० अंशांच्या पुढे गेल्यास मरतूक होऊ शकते.

६. हवा खेळण्याची दोन तत्त्वे :

विजेचा पंखा न वापरता खुराड्यातील हवा दोन प्रकारे बदलते. पहिला प्रकार वाऱ्याचा. समोरासमोरच्या बाजूंना झरोके असतील तर वारा एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. एकाच बाजूला कितीही मोठी खिडकी असली, तरी हवेला बाहेर पडण्याची वाट नसल्याने तिचा उपयोग मर्यादित राहतो.

दुसरा प्रकार उष्ण हवेच्या वर जाण्याच्या गुणधर्मावर आधारलेला आहे. पक्ष्यांच्या उबेने तापलेली दमट हवा हलकी होऊन वर चढते. आढ्याजवळ किंवा छपराखाली तिला वाट मिळाली तर ती बाहेर पडते व खालच्या झरोक्यातून तितकीच ताजी हवा आत ओढली जाते. वारा पडलेल्या रात्री हाच प्रकार कामी येतो. वरचा व खालचा झरोका यांतील उंचीचे अंतर जितके जास्त, तितका हा प्रवाह जोरकस असतो. गुडघ्याएवढ्या उंचीच्या बुटक्या खुराड्यात तो क्षीण राहतो, हेही यावरून समजते.

बांबूच्या डालग्याखाली पक्षी झाकण्याची किंवा कुडाच्या भिंतींची खुराडी करण्याची जुनी पद्धत या दृष्टीने लक्षणीय आहे. बांबूच्या विणीतून व कुडाच्या फटींतून हवा आपोआप बदलत असे. विटा, सिमेंट व पत्रा आल्यावर खुराडे अधिक मजबूत झाले. मात्र फटींमुळे आपसूक मिळणारे वायुवीजन नाहीसे झाले. नव्या बांधकामात त्याची योजना हेतुपुरस्सर करावी लागते.

७. खुराड्याची रचना :

१) दिशा : लांबट खुराडे पूर्व-पश्चिम ठेवावे, म्हणजे लांब बाजूंवर सकाळ-दुपारचे तिरपे ऊन थेट येत नाही. खुराडे घराच्या भिंतीला न चिकटविता किमान तीन-चार फूट अंतरावर असावे.

२) जागा : केवळ रात्रीच्या निवाऱ्यासाठी प्रत्येक मोठ्या पक्ष्यामागे किमान एक चौरस फूट व दिवसाही कोंडायचे असल्यास दोन ते अडीच चौरस फूट जागा असावी. गर्दी झाल्यास कोणतेही वायुवीजन अपुरे पडते.

३) भिंती : लांब बाजूंच्या भिंती खालून एक ते दीड फूट भरीव व त्यावर जाळी, ही उष्ण प्रदेशासाठी सर्वांत सोयीची रचना होय. थंड जागी अधिक भाग बंद ठेवायचा असल्यास जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश इतके झरोके कायम उघडे राहतील असे पाहावे. त्यांचा मोठा हिस्सा छपराच्या लगत, दांडीवर बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्याच्या वर असावा.

४) छप्पर : छप्पर व भिंत यांमध्ये चार ते सहा इंचांची जाळीबंद फट ठेवावी. दुपाखी छपराच्या आढ्याला फट ठेवून त्यावर पन्हाळीसारखे झाकण बसविल्यास पाऊस न येता उष्ण हवा बाहेर पडते. पत्र्यावर बाहेरून चुना लावणे किंवा गवत, पाचट पसरणे यांमुळे आतील ताप कमी होतो. छपराचे पाखे भिंतीबाहेर तीन फूट तरी काढावेत.

५) दांडी : पक्ष्यांना बसण्यासाठी दांडी जमिनीपासून वर असावी व प्रत्येक पक्ष्यामागे सहा ते आठ इंच लांबी मिळावी. त्यामुळे पक्षी गादीतील ओलावा व अमोनिया यांपासून दूर राहतो.

६) पडदा : येथे एक सार्वत्रिक चूक आढळते. गोणपाट वरच्या बाजूस ठोकून खाली सोडले जाते. ते अर्धे सोडले तरी वरची, म्हणजे दूषित हवा जाण्याचीच वाट प्रथम बंद होते. गोणपाट खालच्या कडेला पक्के करून वर ओढता येईल अशी योजना करावी. थंडीत पडदा वर घेतला तरी वरचा पाव भाग उघडा राहतो व पक्ष्यांच्या अंगावर वारा येत नाही.

८. प्रदेशपरत्वे विचार :

कोकणात खरा शत्रू ओलावा. पावसाळ्यात नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येणारी झड आत शिरू नये म्हणून त्या बाजूची भिंत उंच व पाखे लांब असावेत. झरोके उत्तर व पूर्व बाजूंना अधिक द्यावेत. जोते जमिनीपासून फूट-दीड फूट उंच असावे. झडीच्या भीतीने चारही बाजू प्लास्टिकने गुंडाळणे टाळावे, कारण बाहेरचा पाऊस थांबतो पण आतला ओलावा वाढतच जातो.

विदर्भ व मराठवाड्यात उन्हाळ्यातील कोरडी उष्णता हा मुख्य प्रश्न आहे. वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट लावल्यास आत येणारी हवा थंड होते. हवा कोरडी असल्यानेच हा उपाय चालतो. मात्र विरुद्ध बाजू पूर्ण मोकळी हवी. हाच उपाय कोकणात किंवा पावसाळ्यात केल्यास आर्द्रता वाढून अपाय होतो. नाशिक परिसर व घाटमाथ्यावरील हिवाळ्यात रात्री गारठा असतो. तेथे खालील भाग पडद्याने झाकावा, पण वरचे झरोके उघडेच ठेवावेत. कोरडी, पिसे फुलवून बसलेली कोंबडी गारठा सोसते. ओल्या हवेतील कोंबडी तो सोसू शकत नाही.

९. पिलांची विशेष काळजी :

पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश तापमान लागते व ते दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावयाचे असते. खुडूक कोंबडी ही गरज आपल्या पंखांखाली भागविते. कृत्रिम ऊब देताना मात्र काही ठिकाणी कोळशाची शेगडी ठेवून खोली सर्व बाजूंनी बंद केली जाते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निघतो. सकाळी पिले मेलेली आढळतात व ‘थंडीने गेली’ असा समज होऊन पुढच्या खेपेस खोली अधिकच घट्ट बंद केली जाते. अशा खोलीत माणसाने झोपणे तर जिवावर बेतू शकते. विजेचा दिवा उपलब्ध असल्यास त्याचाच वापर करावा आणि कोणत्याही परिस्थितीत वरचा झरोका बंद करू नये.

१०. संरक्षण व वायुवीजन यांचा मेळ :

मुंगूस, रानमांजर, उंदीर व साप यांची भीती खरी आहे आणि ती बाळगणाऱ्या पालकाला दोष देता येणार नाही. एका रात्रीत मुंगूस अख्खे खुराडे रिकामे करू शकते. दूषित हवेचे नुकसान मात्र हळूहळू व न दिसता होते. म्हणूनच भिंत बुजविण्याचा पर्याय स्वाभाविक वाटतो. यावर उपाय म्हणजे अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची वेल्डेड जाळी. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, परंतु शिकारी प्राण्याला रोखू शकत नाही. जाळीमुळे रानपक्ष्यांचाही शिरकाव थांबतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक नोंदविला गेला, त्यानंतर या सावधगिरीचे महत्त्व अधिकच अधोरेखित झाले आहे. बारीक जाळीवर धूळ, पिसे व कोळिष्टके साचून हवेची वाट कमी होते. ती पंधरा दिवसांतून एकदा झाडून काढावी.

११. पाहणीच्या सोप्या पद्धती :

खुराड्यातील हवा योग्य आहे किंवा नाही, हे ओळखण्यासाठी उपकरणांची आवश्यकता नाही.

१) पहाटे दार उघडताक्षणी पक्ष्यांच्या उंचीवर वाकून वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर अमोनियाचे प्रमाण घातक आहे असे समजावे. नाकाला वासाची लवकर सवय होते, म्हणून पहिला क्षण महत्त्वाचा. शक्यतो घराबाहेरील व्यक्तीस विचारावे.
२) पत्र्याला आतून हात लावून पाहावा. थेंब असल्यास वरचे झरोके अपुरे आहेत.
३) गादीतील तूस मुठीत दाबावे. लाडू वळून तसाच राहिला तर ओलावा जास्त, हलकेच फुटला तर योग्य आणि नुसती धूळ उडाली तर गादी अतिकोरडी होय.
४) पक्षी बाहेर असताना उदबत्तीचा धूर खालच्या झरोक्याजवळ धरावा. तो आत ओढला जाऊन वर निघून गेला तर प्रवाह ठीक आहे. आतच घोटाळला तर बाहेर पडण्याची वाट नाही. वाळलेल्या गवताजवळ ठिणगी पडणार नाही, याची काळजी घ्यावी.

१२. निष्कर्ष व शिफारशी :

१) खुराड्यातील हवेचा प्रश्न हा प्रामुख्याने ओलाव्याचा प्रश्न आहे; ओलावा बाहेर गेला की अमोनिया व उष्णतेचा ताण या दोहोंची तीव्रता कमी होते.
२) थंडीपासून संरक्षण आणि वायुवीजन यांत विरोध नाही, झरोक्याची जागा वर असणे हीच त्यांतील तडजोड होय.
३) एकच आराखडा सर्व प्रदेशांना लागू करणे अयोग्य आहे. पक्षीवाटपाच्या योजनांत जातिवंत पिलांबरोबर स्थानिक हवामानास अनुरूप खुराड्याचे मार्गदर्शनही दिले जावे.
४) महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात दत्तक गावातील खुराड्यांची पाहणी व एका खुराड्याची प्रात्यक्षिक दुरुस्ती हा उपक्रम सहज घेता येईल. वरील हिशेब भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना वर्गातील ज्ञान प्रत्यक्षात पाहण्याची संधी देतो, तर गृहअर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना स्त्रीच्या अदृश्य श्रमाचा व अर्थार्जनाचा परिचय घडवितो.

सारांश, खुराड्याच्या वरच्या कडेला जाळी बसवून ठेवलेली वीतभर फट आणि खालून वर ओढण्याचे गोणपाट यांचा खर्च एखाद्या कोंबडीच्या किमतीच्या आसपासच भरतो. तेवढ्या खर्चात उरलेल्या पक्ष्यांचे व त्यांवर अवलंबून असलेल्या घरखर्चाचे रक्षण होत असेल, तर कुक्कुटपालनविषयक मार्गदर्शनात वायुवीजनाला खाद्य व लस यांच्या बरोबरीचे स्थान मिळणे आवश्यक आहे.